उचलत्या पुलाचे वेळापत्रक आणि आपले रेल्वे गेट: थांबायचे कोणी, आणि किती?

टिळकवाडीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे दोन महिने राहण्याचा योग आला. तिच्या घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर फ्रीमाँट नावाचा एक उचलता पूल आहे. १९१७ साली बांधलेला हा निळ्या-नारिंगी रंगाचा पूल पाण्यापासून जेमतेम ३० फूट उंच असल्यामुळे उंच डोलकाठीची होडी आली की रस्ता अडवून पुलाचे दोन्ही पाखे वर उचलावे लागतात, आणि असे दिवसाकाठी सरासरी ३५ वेळा घडते. पहिल्याच दिवशी मी पाहिले, की दोन माणसे आणि एक कुत्रा एवढाच ऐवज असलेली शिडाची होडी सावकाश पुलाखालून गेली आणि तोवर मोटारींची लांबच लांब रांग, तीत एक भरलेली बस, निमूटपणे उभी होती. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी रांग मोडून पुढे घुसले नाही. बेळगावच्या माणसाला याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे.

पुढे रोज संध्याकाळी फिरायला जाऊ लागल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळेत पूल होड्यांसाठी उघडतच नाही. त्या वेळी आलेल्या होड्या अलीकडेच घिरट्या घालतात किंवा धक्क्याला दोर बांधून उभ्या राहतात, आणि सहा वाजले की चार-पाच जणी एकदम निघून जातात. मात्र हजार टनांचे किंवा त्याहून मोठे जहाज आले, तर त्याला ही बंदी लागू होत नाही. म्हणजे दिवसभर पाण्याचा मान आणि गर्दीच्या चार तासांत रस्त्याचा मान, अशी ही वाटणी आहे.

परत आल्यावर पुन्हा आपले गेट नशिबी आले. बेळगावच्या टिळकवाडीत पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट हे आता रेल्वेचे शब्द राहिलेले नसून पत्ता सांगण्याचे शब्द झाले आहेत; पण शाळेच्या वेळी गेट पडले, की त्या शब्दांचा मूळ अर्थ आठवतो. स्कूटर बंद करून उभा असताना मनात आलेले प्रश्न येथे मांडतो. होडीसाठी रस्ता अडवावा, हे मुळात ठरवले कोणी? पूल अमुक वेळी उघडायचा आणि तमुक वेळी नाही, हे वेळापत्रक कशाच्या आधारावर बनते, आणि त्याने खोळंबा खरोखर कमी होतो की नुसता एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर जातो? आणि यातले काही आपल्या गेटला लावता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

खानापूरचा खलाशी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्येष्ठतेत आहे. नदी हा वाहतुकीचा मार्ग पुलाच्या आधीपासूनचा असतो; पूल बांधणारा नंतर येतो आणि आधीच्या वाटेत अडथळा उभा करतो. म्हणून बहुतेक देशांत कायदा त्याला सांगतो, की तुला पूल हवा असेल तर खुशाल बांध, पण जहाज आले की वाट करून देण्याची जबाबदारी तुझी. लंडनचा टॉवर ब्रिज १८८५ च्या कायद्याने मंजूर झाला आणि १८९४ साली खुला झाला. आजही तेथे ३० फुटांहून उंच डोलकाठी किंवा बांधणी असलेल्या जहाजाने २४ तास आधी कळवले, की पूल उचलला जातो आणि त्यासाठी एक पैसाही घेतला जात नाही. वर्षाला सुमारे ८०० वेळा हे घडते. १९९७ साली अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांचा ताफा पुलावरून जात असताना एका जुन्या शिडाच्या गलबताची ठरलेली वेळ झाली, पूल उचलला गेला आणि ताफ्याचे दोन तुकडे झाले. गलबताने वेळ आधी घेतली होती. अध्यक्षांच्या ताफ्याने घेतली नव्हती. आपल्याकडे असे झाले असते तर पुलावरच्या माणसाचे काय झाले असते, हा विचार मी दर वेळी करतो.

अमेरिकेत हा विषय तटरक्षक दलाकडे आहे आणि केंद्रीय नियमांच्या ३३ व्या खंडाचा ११७ वा भाग केवळ उचलत्या पुलांसाठी आहे. त्यातला मूळ नियम असा, की जहाजाने इशारा दिला की पूल तत्परतेने उघडायचा. एक लांब आणि एक आखूड भोंगा ही जहाजाची मागणी. पूल उघडता येत असेल तर पुलावरूनही तेच उत्तर येते, आणि येत नसेल तर पाच आखूड भोंगे वाजतात. आता बरेचसे काम व्हीएचएफ रेडिओवर होते, पण भोंग्याची भाषा अजून जिवंत आहे. आपण पाहिलेली ७ ते ९ आणि ४ ते ६ ची बंदी हा या मूळ नियमाला दिलेला अपवाद आहे, आणि असा प्रत्येक अपवाद पुलाच्या नावानिशी छापलेला असतो. एखाद्या नगरपालिकेच्या मनात आले म्हणून तो लागू होत नाही. प्रस्ताव आधी जाहीर होतो, होडीवाल्यांचे आणि रस्त्यावरच्या लोकांचे म्हणणे मागवले जाते, आणि कधी कधी काही महिने वेळापत्रक तात्पुरते लावून पाहून मगच ते कायम केले जाते.

आता होडीच्या बाजूने थोडे बोलतो, कारण काठावरून ही बाजू दिसत नाही. मोटार थांबते म्हणजे ब्रेक दाबून उभी राहते. होडीला ब्रेक नसतो. मागून वारा आहे, खाली प्रवाह आहे, शेजारी आणखी दहा होड्या दाटीने तरंगत आहेत आणि समोर बंद पूल आहे, अशा जागी अर्धा तास जागच्या जागी राहणे हे कसब आहे. शिडाच्या होड्यांना अशा वेळी इंजिन चालवावे लागते आणि ते बंद पडले तर होडी थेट पुलावर जाऊन आदळते. भरलेल्या तराफ्यांची माळ ओढणाऱ्या टगबोटीला तर ऐन वेळी थांबणे अशक्यच असते. म्हणून वेळापत्रकात मोठ्या जहाजांना, टगबोटींना, संकटात सापडलेल्या होडीला आणि आणीबाणीच्या कामावरील नौकांना सूट ठेवलेली असते. हजार टनांचा नियम हा श्रीमंतांचा लाड नव्हे. जे सुरक्षितपणे थांबू शकत नाही, त्याला थांबवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वेळापत्रकांचे प्रकारही त्या त्या पाण्याच्या स्वभावाप्रमाणे पडतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीवरचे पूल जहाजांच्या हंगामात, म्हणजे साधारण एप्रिल ते नोव्हेंबर, मध्यरात्रीनंतर ठरलेल्या वेळी उचलले जातात. चुकीच्या काठावर राहिलेला माणूस पहाटेपर्यंत तेथेच अडकतो आणि तिथल्या लोकांच्या हे अंगवळणी पडलेले आहे. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये उंच डोलकाठीच्या होड्या रात्री तांड्याने शहर ओलांडतात. शिकागोत हंगामच वेगळा: हिवाळ्यात नदीकाठच्या आवारात ठेवलेल्या शिडाच्या होड्या वसंतात तळ्याकडे निघतात आणि शरदात परततात; तेवढ्या काळात बुधवार आणि शनिवार ठरवून त्यांचा तांडा सोडतात आणि दोन डझनांहून अधिक पूल एकामागून एक उचलले जातात. एक बंद झाला की पुढचा उघडतो, त्यामुळे शहर एकाच वेळी सगळीकडून अडत नाही.

आपल्या देशातही हा अनुभव जुना आहे. हावड्याचा आधीचा पूल, १८७४ सालचा, होड्यांवर तरंगणारा होता आणि जहाजांसाठी त्याचा मधला भाग बाजूला सरकवावा लागे. सुरुवातीला तो दिवसाच उघडत असे, म्हणजे ऐन बाजाराच्या वेळी कोलकाता आणि हावडा एकमेकांपासून तुटत. १९०६ पासून समुद्रगामी आगबोटी वगळता बाकीच्या जलवाहतुकीसाठी तो रात्री उघडण्याची पद्धत सुरू झाली आणि दिवसाचे खोळंबे कमी झाले. आगबोटींना मात्र दिवसाच जावे लागे.

एक गोष्ट राहिली. पूल दर अर्ध्या तासाला उघडायचा, असे ठोकळेबाज वेळापत्रक लंडनमध्ये का नाही, असे कोणी विचारील. थेम्सला भरती-ओहोटी आहे आणि मोठे जहाज पाण्याची उंची पाहून येते. भरतीची वेळ रोज पुढे सरकते. ती घड्याळाला बांधता येत नाही, म्हणून तेथे वेळापत्रकाऐवजी आगाऊ सूचना आहे. जेथे जहाजांना भरतीची वाट पाहावी लागत नाही, तेथे 'दर अर्ध्या तासाला' हे सोयीचे पडते.

चिकोडीचा मास्तर

खलाशी साहेबांनी नियमांविषयी उत्तम लिहिले. खोळंबा खरोखर कमी होतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र अंकगणितात आहे, आणि ते नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. पुढील आकडे कोणत्याही खऱ्या पुलाचे नाहीत. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ते धरले आहेत.

समजा, रस्त्यावर मिनिटाला २० वाहने येतात आणि वाट मोकळी झाल्यावर मिनिटाला ४० वाहने निघून जाऊ शकतात. पूल ५ मिनिटे बंद राहिला तर १०० वाहने साचतील. वाट मोकळी झाल्यावर मिनिटाला ४० जातील, पण मागून २० नवी येऊन लागतील. म्हणजे रांग मिनिटाला २० नेच घटेल आणि ती संपायला आणखी ५ मिनिटे लागतील. या १० मिनिटांत रांगेत सरासरी ५० वाहने होती, म्हणून सर्वांचा मिळून खोळंबा ५०० 'वाहन-मिनिटे' झाला. आता पूल १० मिनिटे बंद ठेवा. रांग २०० वर जाते, पूर्ववत व्हायला एकूण २० मिनिटे लागतात आणि खोळंबा २,००० होतो. बंदची वेळ दुप्पट झाली, पण खोळंबा चौपट झाला. गेटवर उभे असताना 'आज जरा जास्तच वेळ लागला' असे आपण म्हणतो, तेव्हा तो जास्तीचा वेळ सरळ नव्हे, तर वर्गाच्या प्रमाणात वाढलेला असतो.

मग होड्या एकत्र सोडण्यात फायदा कसा? फायदा आहे, कारण पूल उचलण्याचा एक ठरलेला खर्च असतो. दिवे लाल करणे, आडकाठ्या टाकणे, शेवटचे वाहन आणि शेवटचा पायी जाणारा पुलावरून उतरला याची खात्री करणे, पाखे वर नेणे आणि पुन्हा खाली आणून बसवणे, याला मिळून ४ मिनिटे धरू आणि प्रत्येक होडीला पार व्हायला १ मिनिट धरू. एकच होडी असेल तर बंद ५ मिनिटांचा आणि खोळंबा ५००. दोन एकत्र सोडल्या तर बंद ६ मिनिटांचा, खोळंबा ७२०, म्हणजे होडीमागे ३६०. चार एकत्र सोडल्या तर बंद ८ मिनिटांचा, खोळंबा १,२८०, होडीमागे ३२०. येथपर्यंत फायदा वाढत जातो. पण दहा सोडल्या तर होडीमागे ३९२, आणि वीस एकदम सोडल्या तर ५७६, म्हणजे एकेक सोडल्या असत्या त्यापेक्षाही जास्त! या मांडणीत पुलाच्या ठरलेल्या खर्चाची जितकी मिनिटे, साधारण तितक्याच होड्यांचा घोळका सर्वांत किफायतशीर ठरतो. 'सगळ्यांना एकदमच काढून टाका' हा आपला लाडका उपाय आहे, तो येथे चुकतो.

याच हिशेबातून वेळापत्रकातले अंतरही निघते. चार होड्यांच्या बंदनंतर रस्ता पूर्ववत व्हायला, बंदची वेळ धरून, १६ मिनिटे लागतात. म्हणून अर्ध्या तासाने पूल उघडणे ठीक आहे; पण दर १५ मिनिटांनी उघडला तर पहिली रांग संपण्याआधी दुसरी सुरू होईल, आणि मग ती दिवस मावळेपर्यंत संपणार नाही.

राहिला गर्दीच्या वेळेचा प्रश्न. मिनिटाला २० ऐवजी ३० वाहने येत असतील तर तोच ५ मिनिटांचा बंद १,५०० वाहन-मिनिटे खातो. वाहने दीडपट, खोळंबा तिप्पट. आणि मिनिटाला ३८ येत असतील तर १९० ची रांग मिनिटाला फक्त दोनने घटणार, म्हणजे ५ मिनिटांच्या बंदची शिक्षा पुढे ९५ मिनिटे भोगायची. सिअ‍ॅटलची ७ ते ९ ची बंदी ही मोटारवाल्यांवरची मेहेरबानी नाही. त्या वेळी एका होडीची किंमत दुपारपेक्षा कितीतरी पट जास्त असते, हे त्यात ओळखलेले आहे.

होडीवाल्याचे काय? पूल अर्ध्या तासाने उघडत असेल आणि होडीवाल्याला वेळ ठाऊक नसेल, तर त्याला सरासरी १५ मिनिटे थांबावे लागेल. पण वेळ छापलेली असेल तर तो धक्का सोडतानाच घड्याळ पाहून निघेल आणि बहुधा थांबणारच नाही. म्हणून टिळकवाडीकर, खोळंबा नुसता इकडून तिकडे जात नाही. वेळ आधी कळली तर त्याचा बराचसा भाग नाहीसाच होतो.

दूधगंगाकाठ

विषय पुलांचा निघालाच आहे म्हणून आमच्या भागाचेही लिहितो. आपल्याकडे उचलता पूल कधीच का लागला नाही, याचे कारण आपल्या नद्यांवरच्या नावा नदीच्या लांबीने चालत नसत. त्या या तीरावरून त्या तीरावर जात. तरीवर, म्हणजे नावेने नदी ओलांडण्याच्या जागी, नावाडी असे, आणि लहान कामाला गुऱ्हाळातली काहीलसुद्धा पाण्यात लोटत; उसाचा रस आटवायची ती काहील पुराच्या वेळी माणसे उतरवायची होडी होई. पूल झाला की नावेची ही तर बंद पडली. नावाड्याचा धंदा गेला, पण त्याच्या वाटेत पूल आला, अशी तक्रार करायला जागाच नव्हती. पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, त्यांत बरगे घालून पाणी अडवले आणि वरून रस्ता नेला, तेव्हाही नावेसाठी वाट ठेवावी, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

मात्र आमचे पूल बंद होतातच. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांवरचे कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ हे खालच्या पातळीचे बंधारे-पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायला मोठा वळसा पडतो. येथे थांबायचे कोणी याचा निवाडा नदी करते. तरीही मास्तरांचा शेवटचा मुद्दा येथेही तंतोतंत लागू पडतो. कोयनेतून आणि वरच्या इतर धरणांतून किती पाणी सोडले हे कळले, की आमच्याकडचे दूधवाले आणि ऊसवाले दुसऱ्या दिवशीची वाट आधीच बदलतात. पाणी थांबत नाही, पण आमचे हेलपाटे वाचतात.

निवृत्त स्टेशनमास्तर

वरील सर्व वाचून आनंद झाला, पण पूल आणि गेट यांत एक मूळचा फरक आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. होडीला थांबवता येते, तिला ते कठीण जाते एवढेच. गाडीच्या बाबतीत तो प्रश्नच वेगळा आहे. भरलेली मालगाडी वेगात असताना ब्रेक लावला, तर ती एक किलोमीटरच्या आसपास जाऊन उभी राहते. शिवाय गाडी एकटी नसते. बेळगावजवळ एक गाडी दहा मिनिटे रोखली, तर तिच्या मागची देसूरला किंवा सांबऱ्याला उभी राहते, तिच्या मागची आणखी अलीकडे, आणि ती गाठ सोडवायला पुढचे दोन तास जातात. रस्त्यावरची रांग डोळ्यांना दिसते, रुळावरची दिसत नाही. खलाशी साहेबांच्या भाषेत सांगायचे, तर आमची प्रत्येक गाडी ही हजार टनांवरचे जहाज आहे.

गेट इतके आधी का पाडतात, ही नेहमीची तक्रार असते. सिग्नलशी जोडलेल्या गेटची रचना अशी असते, की गेट बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळूच शकत नाही, आणि गाडी निघून गेल्याशिवाय कुलूप निघत नाही. स्टेशनमास्तर फोनवर गेटमनला गाडीची खबर देतो, दोघांमध्ये प्रायव्हेट नंबरची, म्हणजे खबर पक्की झाल्याची खूण म्हणून दिलेल्या गुप्त अंकाची, देवाणघेवाण होते, तो नोंदवहीत लिहिला जातो आणि मग गेट पडते. गाडीच्या चालकाला दुरूनच हिरवा दिसला पाहिजे, नाही तर तो वेग कमी करील आणि गेट उलट जास्त वेळ बंद राहील. स्थानकाजवळच्या गेटवर आणखी एक अडचण येते. गाडी फलाटावर उभी आहे, सिग्नल द्यायचा म्हणून गेट पाडले, आणि तेवढ्यात डब्यात साखळी ओढली गेली किंवा पार्सलचे काम लांबले. बाहेरच्या माणसाला वाटते, की गाडी दिसत नाही आणि गेट मात्र बंद आहे.

मास्तरांच्या घोळक्याच्या हिशेबाबद्दल सांगतो. मार्ग दुहेरी झाल्यावर वरची आणि खालची (अप आणि डाऊन) गाडी एकाच बंदमध्ये निघणे शक्य होते, आणि तसे झाले की ठरलेला खर्च एकदाच पडतो. मात्र दुसरी गाडी चार-पाच मिनिटांवर असेल, तर मध्ये दोन मिनिटे गेट उघडावे की नाही, हे गेटमनच्या मर्जीवर नसते. त्या गाडीचा प्रायव्हेट नंबर दिला गेला असेल तर गेट उघडता येत नाही. आणि कृपया आडकाठीखालून स्कूटर वाकवून नेऊ नका. परक्या माणसाने बंद गेट उघडले तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६० प्रमाणे तीन वर्षांपर्यंत आणि गेट तोडले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकांना हे ठाऊक नसते.

एवढे लक्षात घेता वेळापत्रकाला जागा कोठे उरते? प्रवासी गाड्यांची वेळ छापलेलीच आहे. पुणे-हुबळी वंदे भारत असो की राणी चन्नम्मा, ती साधारण केव्हा गेटवर येणार, हे काढता येते. मालगाड्यांना अशी वेळ नसते आणि ती फळ्यावर लिहून ठेवता येणार नाही. मात्र शाळा-कचेऱ्यांच्या तासाभरात त्या शक्यतो सोडू नयेत, अशी विनंती करता येते आणि वरच्या स्थानकांवर त्यांना थोडे धरून ठेवणे काही वेळा जमतेही. ती विनंती असते. सिअ‍ॅटलसारखा छापील नियम नव्हे.

कायमचा उपाय म्हणाल तर पूल. त्यासाठी रेल्वेत 'ट्रेन-वाहन एकक' मोजतात: दिवसभरातल्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. हा गुणाकार एक लाखावर गेला, की ते गेट रेल्वे आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या खर्चाच्या उड्डाणपुलास पात्र ठरते. उदाहरणार्थ, ४० गाड्या आणि २,५०० वाहने झाली की लाख भरले. या गुणाकारात वाहने कोणत्या तासाला येतात हे धरलेले नसते, आणि मास्तरांचे गणित वाचल्यावर मला पहिल्यांदाच वाटले, की ते धरायला हवे होते.

चिकोडीचा मास्तर

साहेब, हा आपला मोठेपणा. पण वीस हजार वाहने चोवीस तासांत सारखी पसरलेली आणि तीच वीस हजार सकाळ-संध्याकाळच्या चार तासांत कोंबलेली, या दोन गेटांचा गुणाकार एकच येईल आणि खोळंबा मात्र अनेक पटींनी वेगळा असेल, हे खरे आहे.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. स्टेशनमास्तर साहेबांनी पुलाचा विषय काढल्यावर आठवले: फ्रीमाँटच्या शेजारीच १९३२ साली बांधलेला ऑरोरा नावाचा उंच पूल आहे. लांबच्या गाड्या त्यावरून निघून जातात आणि खाली होडी कधी आली, कधी गेली हे त्यांना कळतही नाही. खालच्या जुन्या पुलावर उरते ती आसपासच्या वस्तीची रहदारी, सायकली आणि पायी चालणारे. आपल्याकडेही तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला आणि खानापूरकडची लांबची रहदारी त्यावर गेली. आता प्रश्न उरला आहे तो आम्हा पुलाखालच्या लोकांचा: शाळेच्या रिक्षा, भाजीवाले आणि माझ्यासारखे स्कूटरवाले.

वरील चर्चेतून मला एक मार्ग दिसतो. गाडी थांबणार नाही हे मान्य केले, तर थांबण्याऐवजी सरकू शकेल असे आमच्या बाजूला काय आहे? शाळेची घंटा. नातवाची शाळा भरण्याची वेळ आणि एका प्रवासी गाडीची गेटवर येण्याची वेळ जवळजवळ एकच आहे, हे मी आज पहिल्यांदाच वेळापत्रक समोर ठेवून ताडून पाहिले. घंटा दहा-पंधरा मिनिटे अलीकडे किंवा पलीकडे नेली, तर निदान त्या एका बंदमधून रिक्षांची रांग सुटेल. मास्तर, पंधरा मिनिटे पुरतील की वीस हवीत, हे आपल्या हिशेबाने सांगावे. त्यासाठी सोमवारपासून आठ दिवस मी गेटपाशी उभा राहून मिनिटाला किती वाहने येतात आणि गेट उघडल्यावर मिनिटाला किती सुटतात, हे मोजणार आहे.

चिकोडीचा मास्तर

जरूर मोजा, पण रिक्षा आणि स्कूटर वेगवेगळ्या रकान्यात लिहा. आपल्याकडे गेट उघडल्यावर स्कूटरी फटींतून निघून जातात आणि मोटार-रिक्षा मागे राहतात. सगळ्यांना एकच वाहन धरले तर माझे उत्तर चुकेल. आणि समोरच्या बाजूने येणारी रांगही मोजायला कोणी तरी उभे करा, कारण गेट उघडताच दोन्हीकडच्या लोकांनी पूर्ण रस्ता अडवून तोंडाला तोंड दिले, तर 'मिनिटाला ४०' ऐवजी दहासुद्धा सुटत नाहीत.

टिळकवाडीकर

सौभाग्यवती पलीकडच्या बाजूला उभी राहायला तयार झाली आहे. रकाने आखून ठेवले आहेत. आकडे आले की याच धाग्यात लिहितो, आणि नंतरच पालकसभेत विषय मांडतो.